तिकिटावरचे तास आणि शरीराचे तास

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बडोद्यातील मराठी कुटुंबांचा भूगोल पार बदलून गेला आहे. एके काळी दांडिया बाजारातील किंवा रावपुऱ्यातील घरातून लेक सासरी जाई ती पुण्याला, इंदूरला, ग्वाल्हेरला. फार लांब म्हटले तर हैदराबादला. एका रात्रीच्या आगगाडीत नातवंडे आजोळी येऊन पोहोचत. आज त्याच घरांतील नातवंडे न्यूजर्सीत, टेक्ससमध्ये, टोरांटोत वा मेलबर्नमध्ये वाढत आहेत आणि आजोळ हे वर्षा-दोन वर्षांतून एकदा, पंधरा दिवसांच्या रजेत उरकून घ्यावयाचे स्थळ झाले आहे.

बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात या बदलाचे प्रतिबिंब फार लवकर उमटते. डिसेंबर उजाडला की परदेशातून आलेल्या मुलांची वर्दळ सुरू होते, आणि मे महिन्याच्या आसपास लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेले आजी-आजोबा 'डॉक्टर, एवढे पत्र लिहून द्या' म्हणत दारात उभे राहतात. या दोन्ही प्रसंगी एक वाक्य हमखास ऐकू येते: 'पंधरा तासांचा तर प्रवास आहे!' या 'तर'मध्ये सारे येते. पंधरा तास म्हणजे काहीच नाही. रात्री बसले की सकाळी पोहोचले. माझे म्हणणे असे आहे की, विमानप्रवासाची लांबी आपण ज्या मापाने मोजतो ते मापच अपुरे आहे, आणि त्याची किंमत घरातील सर्वांत लहान व सर्वांत वृद्ध माणसे मोजतात. आपल्या व्यवसायबंधू-भगिनींपुढे हा विषय मांडण्याचे कारण एवढेच की, हे माप दुरुस्त करणे आपल्या हाती आहे.

उदाहरणादाखल आपल्या सर्वांच्या परिचयाचा मार्ग घेऊ: मुंबई ते न्यूजर्सीतील नेवार्क. या दोन विमानतळांमधील सर्वांत जवळचे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पाहिले तर विमान पश्चिमेला अरबी समुद्रावरून सरळ जाईल असे वाटते. प्रत्यक्षात पृथ्वीच्या गोलावरची सर्वांत जवळची वाट उत्तरेकडे वळून, मध्य आशिया व उत्तर युरोपच्या माथ्यावरून, उत्तर अटलांटिक ओलांडून जाते. ताशी सरासरी आठशे किलोमीटर वेगाने हे अंतर कापावयास पंधरा ते सोळा तास लागतात. जाताना समोरचा वारा असतो, येताना तोच पाठीशी असतो. म्हणून परतीचा प्रवास काहीसा लवकर संपतो.

हे किलोमीटरचे मापही वाटते तितके पक्के नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेण्यास प्रारंभ केला. पूर्वीचा मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता, नवा सुमारे १५,३०० किलोमीटरचा. अंतर चौदाशे किलोमीटरने वाढले, आणि तरीही पाठीशी वारा असल्यामुळे विमान साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळपास दोन तास आधी, पोहोचू लागले. याउलट २०१९ च्या फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले. २०२२ मध्ये रशियाने अनेक पाश्चात्त्य देशांच्या विमानांना आपले आकाश नाकारले. विमानतळ जागच्या जागी राहिले, पण प्रवासाचे तास वाढले. काही विमानांना वाटेत इंधनासाठी उतरावेही लागले. तेव्हा 'अमुक ठिकाण किती दूर आहे' या साध्या प्रश्नाचे उत्तरही वारा आणि राजकारण यांना विचारून द्यावे लागते.

पण तिकिटावरचे हे तास म्हणजेच प्रवास, असे समजणे ही खरी गफलत आहे. बडोद्याचे कुटुंब मुंबईहून निघते तेव्हा त्याचा प्रवास आपल्या घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. बडोदे ते मुंबई चारशे किलोमीटर. रस्त्याने वा आगगाडीने आणि वाटेतला खोळंबा धरून सहा तास तरी जातात. उड्डाणाच्या तीन-साडेतीन तास आधी विमानतळावर हजर व्हावे लागते. मग पंधरा-सोळा तासांचे उड्डाण. पलीकडे कागदपत्रांची तपासणी व सामान मिळेपर्यंत दीड-दोन तास, आणि तेथून घरी पोहोचण्यास आणखी एक तास. बेरीज अठ्ठावीस तासांच्या घरात जाते. वाटेत दुबई, दोहा किंवा फ्रँकफर्टला विमान बदलावयाचे असेल तर बेरीज पस्तीस तासांवरही पोहोचते. ज्याला आपण 'पंधरा तासांचा प्रवास' म्हणतो तो या हिशेबाने जवळजवळ दुप्पट ठरतो. सहा महिन्यांच्या बाळाच्या दृष्टीने पाहिले तर या अवधीत दूध पिण्याच्या नऊ-दहा वेळा, लंगोट बदलण्याच्या तितक्याच वेळा आणि दोन रात्री येतात.

उड्डाणाच्या काळात बाळाचे शरीर कोणत्या स्थितीत असते, हेही पालकांना सांगितले पाहिजे. विमान अकरा-बारा हजार मीटर उंचीवर असले तरी आतील हवेचा दाब साधारणतः सहा ते आठ हजार फुटांच्या उंचीइतका राखलेला असतो. म्हणजे बडोद्याच्या मैदानात वाढलेले बाळ पंधरा तास शिमला-मसुरीच्या उंचीवर राहते. आठ हजार फुटांच्या दाबाला श्वासातून मिळणारा प्राणवायू हा समुद्रसपाटीवर पंधरा टक्के प्राणवायू असलेली हवा घेतल्यासारखा असतो. निरोगी मूल हे सहज सोसते. परंतु अकाली जन्मलेले, जन्मानंतर अनेक दिवस प्राणवायूवर ठेवावे लागलेले, जन्मजात हृदयविकार असलेले किंवा नुकत्याच न्यूमोनियातून उठलेले मूल याच कोटीत बसते असे गृहीत धरता येत नाही. त्या हवेत आर्द्रता दहा-वीस टक्केच असते. नाक कोरडे पडते, तहान वाढते. आणि उतरताना, साधारण शेवटचा अर्धा तास, कानाच्या पडद्यावर दाब येतो. प्रौढ माणूस आवंढा गिळतो, झोपलेले बाळ गिळत नाही. ते दचकून उठते आणि किंचाळते. म्हणून उतरण्याच्या वेळी बाळाला जागे करून अंगावर पाजावे, हा साधा सल्ला एका कुटुंबाची आणि आजूबाजूच्या शंभर प्रवाशांचीही सोय करतो.

आतापर्यंत सांगितले ते किलोमीटरचे अंतर आणि घड्याळाचे तास. तिसरे माप याहून महत्त्वाचे आहे आणि ते कोणत्याही तिकिटावर छापलेले नसते. ते म्हणजे शरीराच्या घड्याळाचे अंतर.

आपल्या मेंदूतील दृष्टिचेतांच्या छेदनबिंदूवर असलेला एक लहानसा पेशीसमूह शरीराची दिनचर्या चालवितो, हे आपण सारे शिकलो आहोत. हे घड्याळ पेशींच्या आत, जनुकांच्या पातळीवर कसे चालते याच्या संशोधनासाठी हॉल, रॉसबॅश व यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ माणसात चोवीस तासांहून किंचित मोठा दिवस धरते. त्यामुळे दिवस लांबविणे त्यास सोपे जाते आणि दिवस आखूड करणे कठीण. पश्चिमेकडे जाताना ते दररोज सुमारे दीड तासाने जुळत जाते, पूर्वेकडे येताना सुमारे एकाच तासाने. न्यूयॉर्क परिसर आणि भारत यांच्या वेळेत उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक आहे. म्हणजे डिसेंबरात आजोळी आलेल्या मुलाचे शरीर बडोद्याच्या दिवस-रात्रीशी पूर्णपणे जुळावयास आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक लागू शकतो. यकृत आणि आतडी यांची घड्याळे आपापल्या गतीने मागून येतात. म्हणून रात्री दोन वाजता कडकडून भूक लागते आणि दुपारच्या जेवणाच्या पानावर मूल तोंड फिरविते.

या ठिकाणी आपल्या सर्वांना वंदनीय अशा एका प्रवाशिणीचे स्मरण होते. डॉ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्यांना ज्या कार्पेंटरबाईंनी आश्रय दिला त्यांचे रोझेल हे गाव न्यूजर्सीतच, आजच्या नेवार्क विमानतळापासून जवळ आहे. अठ्ठावन्न दिवसांच्या त्या प्रवासात आनंदीबाईंचे हाल कमी झाले नाहीत. पण सूर्याच्या हिशेबाने कलकत्ता आणि न्यूयॉर्क यांत जो पावणेअकरा तासांचा फरक आहे तो त्यांच्या शरीराने दररोज सरासरी अकरा मिनिटे या गतीने पार केला. आजचे बाळ मुंबईहून नेवार्कला जाते तेव्हा तेवढाच फरक ताशी चाळीस मिनिटे या गतीने पार करते. आनंदीबाईंच्या शरीराला एका दिवसात जेवढे जुळवून घ्यावे लागले, तेवढे आजच्या बाळावर दर पंधरा-सतरा मिनिटांना येऊन पडते. यंत्राने माणसाचे शरीर उचलून वेगाने पलीकडे ठेवले. त्या शरीरातील घड्याळाला मात्र वेग देता आलेला नाही.

वयोमानानुसार याचा परिणाम निराळा होतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या अर्भकात दिवस-रात्रीचे घड्याळ पुरते बसलेलेच नसते. त्यास वेळेच्या फरकाचा त्रास कमी, मात्र त्याच्या आईला पूर्ण. खरी ओढाताण होते ती सहा महिने ते चार वर्षे या वयात. झोपेचा क्रम नुकता बसलेला असतो, आणि काय होते आहे हे सांगावयास शब्द नसतात. वृद्धांत हेच जुळणे अधिक संथ होते, आणि त्यात रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या औषधांच्या वेळांचा गोंधळ मिसळतो.

आता या साऱ्याचा घरावर काय परिणाम होतो ते पाहावे. काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी चौदा महिन्यांची एक मुलगी माझ्याकडे आणण्यात आली. शुक्रवारी पहाटे ती आई-वडिलांसह मुंबईला उतरली, तेथून गाडीने बडोद्यास आली आणि रविवारी सकाळी तिचे जावळ काढण्याचा समारंभ झाला. दीडशे माणसे जेवावयास होती. मूल दोन रात्री झोपले नव्हते, समारंभात ते एका हातातून दुसऱ्या हातात जात होते, आणि दुपारपर्यंत त्यास चार वेळा पातळ जुलाब झाले होते. आजीचे मत, दृष्ट लागली. वडिलांचे मत, पाणी बाधले. आत्याचे मत, आईने मुलाला माणसांची सवयच लावली नाही. आई काहीच बोलत नव्हती; ती खुर्चीत बसल्या बसल्या झोपत होती. जलसंजीवनीने आणि झोपेने मुलगी तीन दिवसांत बरी झाली. मला खटकली ती गोष्ट निराळीच होती. बाहेर पडताना सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, 'आल्यापासून हिचे हे असेच चालले आहे. दुपारी चारला झोपते, रात्री दोनला स्वयंपाकघरात दिवा. घरात पाहुणे, आणि हिचे असे.'

त्या सुनेच्या शरीरात रविवारी दुपारी चार वाजता पहाटेचे साडेपाच वाजले होते. रात्री दोन वाजता तिच्या शरीरात दुपारचे साडेतीन होते. तिचा अपराध एवढाच की ती साडेदहा तास दूर होती, आणि ते अंतर घरातील कोणास दिसत नव्हते. शरीराच्या घड्याळाचा दोष अशा रीतीने माणसाच्या स्वभावावर जातो. मूल हट्टी ठरते, सून आळशी ठरते, मुलगा बदलला असे ठरते. आणि तिकडे अमेरिकेत गेलेल्या आजोबांना रात्री तीन वाजता दिवाणखान्यात येरझाऱ्या घालताना पाहून जावयास वाटते, यांना इथे करमत नाही. ज्या भेटीसाठी दोन्ही बाजूंनी वर्षभर पैसे साठविले, वाट पाहिली, त्या भेटीत हे सल साठत जातात. वैद्यकाच्या पुस्तकात या दुखण्याला नाव नाही, पण त्याचा उपाय आपल्याजवळ आहे. तो म्हणजे आधी सांगून ठेवणे.

त्यासाठी सुट्टीचा हिशेब कुटुंबापुढे उघडपणे मांडावा लागेल. अमेरिकेतील नोकरदाराला सलग मिळणारी रजा बहुधा दोन आठवड्यांची. चौदा दिवसांतून जाण्या-येण्याचे तीन दिवस वजा. राहिले अकरा. त्यातील पहिले पाच-सहा दिवस शरीर रात्री जागे आणि दुपारी झोपलेले. खऱ्या अर्थाने भेटीचे असे पाच-सहा दिवस हाती उरतात. असे असताना आपण बारसे, जावळ, मुंज किंवा मावसभावाचे लग्न नेमके उतरल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी का धरतो? मुहूर्त एकच नसतो. पंचांगात पुढचाही असतो. माझा आग्रह असा आहे की, मुलाचा कोणताही समारंभ उतरल्यानंतरचे तीन पूर्ण दिवस टाळून, शक्य तर पाचव्या-सहाव्या दिवसानंतर धरावा. पहिले तीन दिवस घर शांत असावे. सकाळी व दुपारी मुलाला अंगणात, गच्चीवर, कमाटी बागेत उजेडात न्यावे. दुपारची झोप दीड-दोन तासांवर न जाऊ देता हळूच उठवावे. रात्री जाग आली तर दिवे मंद ठेवून, खेळ न मांडता, मऊ भात किंवा दूध द्यावे आणि पुन्हा अंधार करावा. आजीने ओट्यावर झाकून ठेवलेली ती वाटी पुष्कळशा औषधांचे काम करते.

लसीकरणाच्या बाबतीत दोन देशांच्या पंचांगांतही असेच अंतर असते, आणि ते तर बहुतेकांच्या गावीही नसते. आपल्याकडे नऊ महिने पूर्ण होताच गोवर-रुबेलाची लस दिली जाते. अमेरिकेत नेहमीच्या क्रमाने पहिली मात्रा बारा ते पंधरा महिन्यांच्या दरम्यान येते. म्हणजे दहा महिन्यांची दोन चुलत भावंडे बडोद्यात एकत्र खेळत असतील तर इथल्याला गोवराविरुद्ध लस मिळालेली असते, तिकडून आलेल्याला बहुधा नसते. परदेशप्रवास असेल तर सहा ते अकरा महिन्यांच्या बाळास एक जादा मात्रा द्यावी, अशी अमेरिकेतील सरकारी शिफारसच आहे. पण 'आम्ही आमच्या घरीच तर चाललो आहोत' असे वाटल्याने पालक तेथील डॉक्टरांना प्रवासाचे सांगतच नाहीत. टायफॉइडचेही तसेच. तेथे मिळणारी टायफॉइडची टोचावयाची लस दोन वर्षांवरील मुलांसाठी आहे. आपल्याकडची संयुग्मित लस सहा महिन्यांपासून देता येते. दोन वर्षांखालील मूल आजोळी येणार असेल तर या मधल्या फटीत ते सापडते. टायफॉइड प्रकट व्हावयास एक ते तीन-चार आठवडे लागू शकतात. तोवर मूल परत गेलेले असते आणि तिकडच्या तरुण डॉक्टरच्या मनात हा आजार लवकर येतही नाही. म्हणून परतताना पालकांना एक वाक्य शिकवून पाठवावे: महिन्याभरात ताप आला तर पहिल्या प्रथम भारतातून आल्याचे सांगा.

आता थोडे आपल्याविषयी. 'विमानप्रवासास योग्य' असे प्रमाणपत्र दोन मिनिटांत लिहून देण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. ओळखीचे घर असते, संकोच असतो, तिकीट काढून झालेले असते. माझ्या मते मुलाला तपासल्यावाचून, कान व छाती पाहिल्यावाचून आणि प्रवासाचा पूर्ण मार्ग विचारल्यावाचून हे पत्र देऊ नये. ऐन कानाच्या दुखण्यात किंवा धाप असताना चार दिवस उड्डाण पुढे ढकला, असे म्हणण्याचे धैर्य त्या पत्रात असले पाहिजे. नाही तर ते पत्र केवळ विमान कंपनीची समजूत घालण्याचा कागद ठरते.

दुसरी मागणी असते झोपेच्या औषधाची. 'रडेल, लोक बघतील, थोडे गुंगीचे लिहून द्या.' या मागणीमागची लाज मला समजते; तीनशे अनोळखी माणसांत रडणारे मूल घेऊन बसलेल्या आईइतके एकटे कोणी नसते. तरीही उत्तर नकाराचेच असावयास हवे. प्रोमेथॅझिनसारखे औषध दोन वर्षांखालील मुलांस देऊ नये, कारण त्याने श्वास मंदावू शकतो. आणि आधीच विरळ प्राणवायूत बसलेल्या मुलाचा श्वास मंद करणे हे धोक्यावर धोका चढविणे आहे. शिवाय काही मुले अशा औषधाने झोपण्याऐवजी अधिकच बेफाम होतात. तेथे औषधापेक्षा उपयोगी पडतो तो नियोजनाचा सल्ला: पाळण्याची सोय असलेली पुढची जागा आधी मागून ठेवणे, मुलाच्या झोपेच्या वेळेशी जुळणारे उड्डाण निवडणे, जलसंजीवनीची पाकिटे, तापाचे औषध व दोन जादा कपडे हातातल्या पिशवीत ठेवणे. औषधे मोठ्या सामानात टाकणारी माणसे अजूनही पुष्कळ आहेत, आणि त्यांत इन्सुलिन घेणारे आजोबाही आहेत.

आजी-आजोबांच्या बाबतीत एक आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासाने पायातील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा संभव साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अभ्यासात दिसून आले. निरोगी माणसात तो तरीही सहा हजारांत एक इतका अल्प असतो. घाबरून जाण्याजोगा हा आकडा नाही. दर तासा-दोन तासांनी उठून चार पावले टाकावीत एवढे सांगण्याजोगा मात्र आहे.

या विवेचनावर दोन आक्षेप येतील हे मी जाणतो. पहिला असा की, लाखो मुले विमानाने जातात-येतात आणि काहीही होत नाही. डॉक्टर उगाच भीती घालतात. विमानप्रवास निरोगी मुलास सुरक्षित आहे, यात मला शंका नाही. नातवंडांनी आजोळी यावे, वारंवार यावे, असेच माझे मत आहे. प्रश्न आहे तो त्या भेटीतून दोन्ही बाजूंच्या हाती काय लागते याचा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रजा तुटपुंजी, तिकिटे महाग, कार्यालये महिनोन्महिने आधी ठरलेली, तुमचे तीन दिवस आणावयाचे कोठून? ही अडचण खरी आहे. जिथे तारीख हलविता येत नाही तिथे समारंभ लहान करावा, मुलाची उपस्थिती तासाभरापुरती ठेवावी आणि त्याच्या आईला पंगतीत वाढावयास उभे करू नये. एवढे केले तरी पुष्कळ साधते. पण कित्येक घरांत तारीख हलविता येण्याजोगी असते; केवळ कोणी सांगितलेले नसते म्हणून ती हलत नाही.

म्हणून आपल्या मंडळाकडे माझी एक व्यावहारिक सूचना आहे. आपण सर्वांनी मिळून मराठीत एक पानी प्रवासपत्रक तयार करावे आणि ते प्रत्येक सदस्याच्या दवाखान्यात ठेवावे. त्यात घरापासून घरापर्यंतच्या तासांचा हिशेब मांडण्यासाठी चार ओळी असाव्यात. दोन्ही देशांच्या लसींचा तक्ता असावा. औषधांच्या वेळा नव्या घड्याळाप्रमाणे कशा बदलावयाच्या हे लिहिण्यासाठी रिकामी जागा असावी. आणि तळाशी 'पहिले तीन दिवस' या शीर्षकाखाली घरातील वडीलधाऱ्यांसाठी पाच-सहा वाक्ये असावीत. बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ आणि कौटुंबिक वैद्य अशा चौघांनी दोन बैठका घेतल्या तर हे काम पुरे होईल. प्रवासाच्या सहा आठवडे आधी कुटुंबाने एकदा भेटून जावे, असा पायंडाही त्याबरोबर पाडता येईल. दिवाळीपूर्वी पत्रक छापून झाले तर या डिसेंबरात येणाऱ्या मुलांना त्याचा लाभ मिळेल. त्याचा बालरोगविषयक मजकूर लिहून देण्याची जबाबदारी मी घेतो. स्त्रीरोग, हृदयरोग व कौटुंबिक वैद्यकाच्या भागासाठी सदस्यांनी आपली नावे कार्यवाहांकडे द्यावीत, अशी विनंती आहे.